पगार नाही, म्हणून हुकूमही नाही

तुझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'स्वयंसेवक समन्वयक' असं लिहिलंय. खाली कामांची यादी आहे. स्वयंसेवक मिळवणे, त्यांना काम नेमून देणे, नोंदी ठेवणे, कार्यक्रमांचे आयोजन करणे आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'संस्था सांगेल ती इतर कामे'. हे सगळं तुला शिकवणार कोण, याबद्दल मात्र एक ओळ नाही. तुझ्याच संस्थेचं असं नाही, आपल्याकडच्या बहुतेक पत्रांत ती नसते. हिशेब लिहिणाऱ्याला कॉमर्सची डिग्री लागते, बालवाडीच्या ताईला प्रशिक्षण लागतं, ड्रायव्हरला लायसन लागतं. चाळीस-पन्नास अनोळखी माणसांकडून बिनपगारी काम करून घ्यायचं, तेही नीट, त्या बाईला काय लागतं? तर म्हणे, गोड स्वभाव.

अगं, तुझा स्वभाव गोड आहे म्हणूनच मला काळजी वाटते. गोड माणसं या कामात लवकर दमतात.

तू मला ताई म्हणतेस, तर एक गोष्ट पहिल्यांदा पक्की करून घे. ऑफिसात माणूस वरिष्ठाचं ऐकतो, कारण एक तारखेला पगार असतो, वर्षाअखेर बढती असते, फारच झालं तर मेमो असतो. तुझ्या हातात यातलं काही नाही. एखाद्याला कंटाळा आला की 'ताई, आज जमणार नाही' एवढा मेसेज टाकून तो मोकळा. त्याच्यावर चिडायचं तरी कशाच्या जोरावर? पगार नाही म्हणून हुकूम नाही, आणि हुकूम नाही म्हणून सगळी भिस्त तुझ्या कसबावर. कोणाला काय काम द्यायचं, कसं सांगायचं, कुठे गप्प बसायचं, कोणाला निरोप द्यायचा, हे पगारी माणसांच्या मॅनेजरपेक्षा तुला जास्त चांगलं यावं लागतं. आणि ते शिकूनच येतं. आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही.

'सेवेच्या कामाला कसलं आलंय ट्रेनिंग' असं तुला कोणी ना कोणी ऐकवेलच. तेव्हा हे माहीत असू दे की जगात हा रीतसर व्यवसाय मानतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सुझन एलिस यांनी १९७७ साली एनर्जाइझ नावाची कंपनीच काढली, फक्त स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्यांना शिकवण्यासाठी. त्यांचं 'फ्रॉम द टॉप डाऊन' हे पुस्तक १९८६ सालचं. त्यातला मुद्दा तुझ्या विश्वस्तांना ऐकवण्यासारखा आहे. स्वयंसेवक टिकणं-न टिकणं ही एकट्या समन्वयकाची जबाबदारी नव्हे, ते संस्थेच्या अगदी वरच्या खुर्चीपासून ठरतं. स्वयंसेवक-व्यवस्थापनाचं सीव्हीए नावाचं एक प्रमाणपत्रही आहे. ते अनुभव आणि परीक्षा यांवर मिळतं, आणि एकदा मिळालं की जन्मभर पुरलं असं नाही. शिकत राहिल्याचं दाखवून ठरावीक काळाने त्याचं नूतनीकरण करावं लागतं. ५ डिसेंबरचा स्वयंसेवक दिन तुला ठाऊक असेल, संस्थेत त्या दिवशी गुलाबाची फुलं वाटतात. त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ५ नोव्हेंबरला, तुझ्यासारख्यांचा दिवस असतो. तुला फूल कोणी दिलं नाही तरी चालेल, तू कॅलेंडरवर खूण करून ठेव.

आता शिकायचं काय, ते सांगते. पहिली शिकायची ती कामाची चिठ्ठी. 'मुलांना शिकवायला या' हे काम नाही, ती हाक झाली. काम कागदावर असं दिसतं: 'मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ६ ते ७.३०. पाचवीच्या चार मुलांचं मराठी वाचन. वार्षिक परीक्षेपर्यंत. येणं जमणार नसेल तर दुपारी १२ पर्यंत कळवायचं. मुलांना स्वतःच्या घरी बोलवायचं नाही. पैसे, खाऊ, भेटवस्तू परस्पर द्यायच्या नाहीत. मुलांना नावं ठेवायची नाहीत, हात उगारायचा नाही. फोटो फेसबुकवर टाकायचे नाहीत. अडचण आली तर कोणाला फोन करायचा, त्याचा नंबर.' अर्धं पान पुरतं. हे लिहिताना तुझं तुलाच कळतं की आपल्याला नेमकं काय हवंय. आणि पुढे भांडणाची वेळ आली की बोट ठेवायला कागद असतो, तोंडाला तोंड द्यायची वेळ तुझ्यावर येत नाही.

दुसरी, पहिली भेट. येणाऱ्याला चहा दे आणि विचार, 'तुम्हाला यातून काय हवंय?' लोक बिचकतात, कारण सेवेला आलेल्या माणसाने काही मागायचं नसतं असा समज आहे. पण प्रत्येकाला काहीतरी हवं असतंच. निवृत्त झालेल्याला दिवस जायला हवा असतो, जोडीदार गेलेल्या बाईला माणसांत यायचं असतं, कॉलेजच्या पोराला सर्टिफिकेट हवं असतं. सर्टिफिकेट मागणाऱ्याला बघून नाक मुरडू नकोस. त्याला ते परदेशी प्रवेशासाठी हवंय तर तसं मोकळेपणी ठरव, 'साठ तास काम, मग सर्टिफिकेट, तासांची वही मी ठेवणार.' कारण कळलं की काम जुळवता येतं. माणसांत यायचं म्हणून आलेल्या बाईला तू एका खोलीत बसवून देणगीच्या पावत्या लिहायला लावल्यास, तर ती तिसऱ्या आठवड्याला दिसायची नाही.

याच भेटीत नाही म्हणायचंही असतं, आणि ते सगळ्यात अवघड. आपण काय करतो? 'सध्या जागा नाही हो, कळवते' असं खोटं सांगून वेळ मारून नेतो. मग तो बिचारा महिन्याने पुन्हा विचारतो, पुन्हा खोटं. त्यापेक्षा खरं बोल. 'तुम्हाला ठरलेल्या वारी येणं जमत नाहीये, आणि मुलांना तेच लागतं. जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालायची असतात, तेव्हा दोन दिवस या का?' माणूस दुखावला तरी फसवला जात नाही. आणि जूनमध्ये येतोही.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक दाखवणं. यावर जरा थांबते, कारण स्वयंसेवक दुरावतात ते बहुतेक वेळा इथेच.

समज, वस्तीतल्या वर्गावर एक निवृत्त बँक अधिकारी येतात. वक्तशीर, कपड्याला इस्त्री, पाढे तोंडपाठ. एका मुलाला तेराचा पाढा अडतो आणि काका सगळ्यांसमोर म्हणतात, 'एवढं येत नाही? दगड आहेस नुसता!' पोरगं खाली बघत बसतं. तू दारात उभी आहेस. तुझ्या मनात दोन विचार येतील. एक, जाऊ दे, वयाने मोठे आहेत, फुकट येतात, यांना काय बोलायचं. दुसरा, आत्ताच्या आत्ता थांबवायचं, मुलांसमोरच. पहिल्याने ते पोरगं येईनासं होतं, दुसऱ्याने काका. तू वर्ग सुटेपर्यंत थांब. फक्त त्या मुलापाशी जाऊन बस, म्हणजे तो एकटा पडणार नाही. मग काकांना बाजूला घे, आणि त्याच दिवशी घे.

'काका, आज तुम्ही त्याला दगड म्हणालात. त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही.'

'अगं, आमच्या वेळी मास्तर छडी मारायचे. आमचं काय वाईट झालं?'

या वाक्याला वाद घालावासा वाटतो. घालू नकोस. छडीवर चर्चा सुरू झाली की पोरगं बाजूला राहतं आणि तुमच्यात जुना-नवा जमाना सुरू होतो. 'तुमच्या शाळेच्या गोष्टी मला ऐकायच्यात, पण आज नको. इथे मुलांना नावं ठेवायची नाहीत, चिठ्ठीवर लिहिलंय ते. शुक्रवारी त्याचा तेराचा पाढा कसा घेऊ या, सांगा.' बस. जे पाहिलं ते सांगितलं, त्याचं काय झालं ते सांगितलं, नियम सांगितला, आणि पुढचा विचार त्यांच्यावर सोपवला. बऱ्याच काकांना हे पटतं, कारण तू त्यांची अक्कल काढलेली नसते, उलट वापरायला मागितलेली असते. नाहीच पटलं तर त्यांना मुलांपासून दूर, हिशेबाच्या कामात घे. तिथेही जमेना तर आभार मानून निरोप दे. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना बंदी आहे. आपला वर्ग शाळा नसेल, पण रेघ तीच.

आणि हो, हे बोलणं आधी तोंडाला बसवावं लागतं. ऑफिसातल्या एखाद्या मैत्रिणीला काका कर, तिला हवं तेवढं आडमुठं वागू दे, आणि तू बोलून बघ. हसू येईल, येऊ दे. ऐन वेळी जीभ अडखळत नाही ती अशा सरावानेच.

चौथी गोष्ट म्हणजे कायदा. त्यातलं सगळं तुला पाठ नको, पण दोन गोष्टी झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हव्यात. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३चा कायदा, ज्याला आपण पॉश म्हणतो, त्यात 'कर्मचारी' या व्याख्येत बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारेही येतात. म्हणजे तुझी स्वयंसेविका तक्रार करू शकते, आणि 'ती काही आपली स्टाफ नाही' असं संस्थेला म्हणता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. तुमच्याकडे आहे का, कोण आहे तिच्यात, भिंतीवर लावलंय का, उद्याच बघ. दुसरा २०१२चा पॉक्सो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कोणालाही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि 'कोणालाही' यात स्वयंसेवक आला, तूही आलीस. 'आधी विश्वस्तांना विचारते' याला त्यात जागा नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर कामाच्या चिठ्ठीवरच छाप. या दोन विषयांवर वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून तुझं आणि सगळ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण झालंच पाहिजे. इथे काटकसर नको.

कंपन्यांचे फोन येतील त्याची तयारीही आत्ताच कर. 'मॅडम, शनिवारी आमचे साठ एम्प्लॉयी येतायत, काहीतरी ॲक्टिव्हिटी द्या ना.' मग त्याच भिंतीला पुन्हा रंग, त्याच अंगणात पुन्हा झाडं, आणि टी-शर्टातला ग्रुप फोटो. देणगीच्या आशेने विश्वस्तांना नाही म्हणवत नाही, हे मी समजू शकते. पण तू प्रश्न विचारायला शीक. किती जण, किती तास, ऑफिसात काय काम करतात, पुन्हा येणार का? साठांतले सहा जण वर्षभर महिन्यातून एक दुपार देऊन तुमच्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायला तयार झाले, तर त्या भिंतीपेक्षा किती मोठं काम झालं! हे मागता येणं हेही कसबच.

आता शिकायचं कुठे? सगळं काही पैसे मोजून, इंग्रजीतूनच शिकावं लागतं असं नाही. आपल्या आसपास बघ.

तुझ्या गावातल्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी असतील. गांधी शताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं शिबिर. हे अधिकारी म्हणजे आपलं शिकवणं सांभाळून शंभरेक पोरांना गावात घेऊन जाणारे प्राध्यापक. त्यांच्यासाठी सरकारने प्रशिक्षण ठेवलेलं आहे, आधी ओळखवर्ग आणि नंतर उजळणीवर्ग. त्यांच्याकडे एक दुपार जाऊन बस. शिबिरात जेवणाची पाळी, शौचालयाची सोय, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणारी पोरं, हे सगळं ते कसं सांभाळतात ते विचार. रिकाम्या हाती जाऊ नकोस, आपले प्रश्न लिहून ने.

समाजकार्याची कॉलेजं ही दुसरी जागा. मुंबईचं टाटा समाजविज्ञान संस्थान १९३६ पासून, निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून समाजकार्य शिकवत आलीत. तिथल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी संस्थांत पाठवतात, आणि मार्गदर्शक नेमाने त्यांना एकेकट्याला घेऊन बसतात. काय केलंस, काय वाटलं, पुढच्या वेळी काय करशील? ही बैठक शिकून घे. तुमच्याकडे असे विद्यार्थी येत असतील तर त्यांच्या मार्गदर्शकांना सांग, एकदा मलाही बसू द्या. स्वयंसेवकांशी तीन महिन्यांतून एकदा असं पंधरा मिनिटं बसलीस तरी निम्म्या कुरबुरी तिथेच मिटतील.

केरळकडे बघ. तिथे १९९९च्या सुमारास मलप्पुरम भागात असाध्य आजारी माणसांची सेवा शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी उभी केली. आठवड्याला निदान दोन तास देणारा माणूस घ्यायचा, पण त्याला आधी १६ तास शिकवायचं आणि मग चार दिवस जाणत्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, अशी त्यांची पद्धत. मरणाच्या दारातल्या माणसापाशी कोणालाही असंच पाठवायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. आपल्याकडे पानी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू केला, तेव्हा गावातल्या निवडक बाया-पुरुषांना आधी प्रशिक्षण दिलं, कुदळ-फावडी नंतर. दोन्हीकडचा क्रम बघ, आधी शिकवणं, मग घाम.

आणि वारी तर घरचीच. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात संध्याकाळी तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदाराने चोप उंच केला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तोड काढतात, आणि पुढे आरती. पगार तिथे कोणालाच नाही, पण तक्रारीला रोजची वेळ आहे, जागा आहे आणि ऐकणारा माणूस ठरलेला आहे. तुझ्या स्वयंसेवकांनी टाळ कुठे वाजवायचे? व्हॉट्सॲप ग्रुपवर वाजवले की त्याचा तमाशा होतो. महिन्याच्या बैठकीतला पहिला पाव तास तक्रारींना ठेव, आभार-सत्कार नंतर. आणि ऐकलेल्या तक्रारीचं काय केलं, ते पुढच्या बैठकीत आपणहून सांग.

याखेरीज गावातल्या इतर संस्थांत तुझ्यासारखं काम करणाऱ्या तिघी-चौघी शोध. दवाखान्यात, वृद्धाश्रमात, अंध विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक मिळवून देणाऱ्या संस्थेत कोणीतरी असेलच. महिन्यातून एकदा भेटा, प्रत्येकीने एकच अडलेला प्रसंग आणायचा, नावं न घेता. लेखनिक शोधणारी बाई तुला सांगेल की परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन न उचलणाऱ्याची सोय आधीच कशी करून ठेवायची. ते पुस्तकात मिळत नाही. आणि जमलं तर स्वतः दुसऱ्या कुठल्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जा. दारात गेल्यावर कोणी विचारपूस केली नाही की कसं वाटतं, ते तिथेच कळतं.

आता तुझ्या स्वतःबद्दलही बोलू दे. स्वयंसेवक शनिवार-रविवारी मोकळे, म्हणजे तुझे शनिवार-रविवार गेले. मग सोमवार-मंगळवार हक्काने घे, लाजू नकोस. रात्री नवानंतर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, असं पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाक, सहा महिन्यांनी केलंस तर लोकांना तो राग वाटेल. सगळ्यांची सुखदुःखं ऐकून घेणाऱ्या बाईचं ऐकणारं कोणीतरी लागतं, तेही घरच्यांपलीकडचं. त्या तिघी-चौघी त्यासाठीही आहेत.

राहिलं पैशांचं. तू तोंडी मागू नकोस, अर्ज दे. महिन्यातून एक अर्धा दिवस शिकण्यासाठी, तो कामाचाच धरला जाईल. प्रवास, पुस्तकं आणि एखाद्या कोर्ससाठी वर्षाची ठरावीक रक्कम, अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून. स्वयंसेवकांच्या कामासाठी एक विश्वस्त नेमून दिलेला, ज्याच्याशी तू महिन्याला बोलशील. आणि तुझ्या बाजूने कबुली, की जे शिकून येशील ते सगळ्या स्टाफला एक तास बसून सांगशील. सोबत तुझी वही जोड. गेल्या वर्षी किती स्वयंसेवक आले, किती टिकले, त्यांनी मिळून किती तास दिले. एवढ्या तासांना पगारी माणूस ठेवला असता तर किती खर्च आला असता, तो हिशेब तुमच्याच संस्थेतल्या पगाराच्या दराने काढ, फुगवू नकोस. विश्वस्तांत एखादे सीए असतातच, त्यांना हा आकडा तुझ्या गोड स्वभावापेक्षा लवकर समजेल.

एवढं मात्र कर, अर्ज बैठकीच्या निदान आठ दिवस आधी दे आणि विषयपत्रिकेवर त्याला स्वतःचा क्रमांक मागून घे. 'आयत्या वेळच्या विषयांत' गेला, की चहा येतो, कोणाची तरी गाडी लागलेली असते, आणि तुझं शिक्षण पुढच्या वर्षावर जातं.